पपईच्या चिकातून निघालेली वाट

कच्च्या पपईची फोड लावली की चिवट मटण लवकर शिजतं. मणक्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची कुळी मी याच पपईच्या चिकापर्यंत नेतो.

दोन मणक्यांमधली गादी सरकली की नस दाबते, हे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये दाखवलं. इलाज होता पाठ उघडण्याचा.

मग १९५६ मध्ये अमेरिकेतल्या लुईस थॉमस यांनी सशांच्या शिरेत पपईच्या चिकातलं पपेन टोचलं. काही तासांत त्यांचे ताठ कान लुळे पडले, काही दिवसांनी पुन्हा उभे राहिले. कानातली कूर्चा तेवढ्यापुरती ढिली झाली होती. थॉमस यांचा मणक्यांशी संबंध नव्हता. तो जोडला अमेरिकेतल्याच लायमन स्मिथ यांनी. पपईच्याच चिकातलं कायमोपपेन हे विकर त्यांनी १९६३ मध्ये प्रथमच माणसाच्या गादीत टोचलं. गादीतला गर पाणी धरून फुगलेला असतो. ते पाणी धरणाऱ्या रेणूंचा प्रथिनांचा कणा हे विकर तोडतं. गर आकसतो आणि नसेवरचा दाब उतरतो.

या कुळीवर दोन दावेदार आहेत. सूक्ष्मदर्शकवाले १९७७ च्या यशारगिल आणि कास्पार यांच्याकडे बोट दाखवतात. त्यांनी चीर लहान केली हे खरं, पण वाट जुनीच, पाठीमागून नसेजवळून जाणारी. दुसरा दावा सुई-नळीवाल्यांचा, आणि तो वजनदार आहे. लिंडब्लोम यांनी गादीत सुई १९४८ मध्येच घातली होती, आणि परवीझ कॅम्बिन यांनी १९७३ मध्ये गादीत शिरायला वापरलेली नळी मुळात क्रेग यांची, मणक्याच्या बायोप्सीसाठीची. हत्यार पपईवाल्यांचं नव्हे, हे मान्यच करावं लागतं. पण लिंडब्लोम यांना गादीचं चित्र हवं होतं, क्रेग यांना हाडाचा तुकडा. नसेला हात न लावता गादी आतूनच हलकी करायची, हा विचार चिकाने दिला. १९७५ मध्ये जपानच्या हिजिकाता यांनी बारीक नळीतून गर काढला, तेव्हा विकराच्या जागी चिमटा आला एवढंच, असं मी ठामपणे म्हणेन.

विकराचं पुढे बरं झालं नाही. काही रुग्णांना ॲलर्जीचा जीवघेणा झटका आला, क्वचित मज्जारज्जूला इजा झाली. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाची विक्री तिथे २००३ मध्ये थांबली. तोवर बाहेर पडणारी नस आणि खालचा मणका यांच्यामधली मोकळी जागा ‘कॅम्बिनचा त्रिकोण’ म्हणून ओळखली जाऊ लागली होती, आणि दुर्बीण तिथून थेट गादीत उतरत होती.