दक्षिणा आणि शिष्यवृत्ति

शिष्यवृत्तीच्या अर्जावर घरचें उत्पन्न लिहितांना पुष्कळ विद्यार्थी संकोचतात. आपण कांहीं याचना करीत आहों, असें त्यांस वाटतें. ही समजूत कितपत खरी, तें इतिहासास विचारून पाहूं.

पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास पर्वतीनजीकच्या रमण्यांत हजारों ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जाई. इंग्रजी अंमलांत ही रक्कम कमी झाली, आणि तींतूनच १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा चालू झाली. १८४९ मध्यें लोकहितवादी प्रभृति सुधारकांनीं दक्षिणेचा कांहीं भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे लावावा, असा अर्ज केला. सनातनी मंडळी खवळली, तेव्हां जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशीं उभे राहिले. पुढें याच निधींतून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. रानडे व भांडारकर हे त्यांपैकींच होत.

जन्माची जागा विद्येनें घेतली, ही प्रगति खरीच. पण विद्येच्या दारापर्यंत पोंचत होतें कोण? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें फुल्यांनीं यावरच बोट ठेविलें. शिष्यवृत्त्या आधींच शिक्षणाची गोडी लागलेल्या वर्गांस मिळतात. त्यांपैकीं कांहीं, ज्यांच्यांत शिक्षण पसरलेलें नाहीं अशा वर्गांस द्याव्या, असें त्यांचें म्हणणें होतें.

दक्षिणेचा पैसा अखेर रयतेच्या साऱ्यांतलाच होता. तेव्हां शेतकऱ्याचा मुलगा अर्ज करितो, तो आमच्या मतें भिक्षा मागत नाहीं. वाडवडिलांनीं भरलेल्या ठेवींतला आपला वांटा मागतो.