दिल्लीत भेटलेले आपले इंजिन

गेल्या वर्षी मी दिल्लीस जाऊन आले तेव्हा आळीतल्या बायकांनी विचारले, "लाल किल्ला पाहिलात का? कुतुबमिनार पाहिलात का?" दोन्ही पाहिले. पण मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे किल्लाही आला नाही आणि मिनारही आला नाही. डोळ्यांपुढे आले ते एक काळे, ठेंगणे, सहा चाकांचे इंजिन. ते आपल्या नेरळचे आहे, म्हणून त्याची हकीकत इथे लिहिते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकले-माकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

माझी धाकटी बहीण दिल्लीस असते. तिच्या मुलाला आगगाडीचा फार नाद. त्याच्या हट्टाखातर आम्ही चाणक्यपुरीतले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहावयास गेलो. हे संग्रहालय १ फेब्रुवारी १९७७ रोजी उघडले. संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटातली नाणी आणि मूर्ती आपल्यास ठाऊक. इथे मोठ्या आवारात रूळ घातलेले आणि त्यांवर खरीखुरी इंजिने नि डबे उभे. राजेमहाराजांचे डबे आहेत. पतियाळा संस्थानची एकाच रुळावर चालणारी गाडी आहे. तिचे एक मोठे चाक बाजूच्या रस्त्यावरून चाले, म्हणजे गाडी कलंडत नसे.

या संग्रहालयाचे नाव जगभर झाले ते 'फेअरी क्वीन' या इंजिनामुळे. फेअरी क्वीन म्हणजे पऱ्यांची राणी. हे इंजिन १८५५ साली इंग्लंडातल्या लीड्स गावी तयार झाले आणि बंगालमध्ये हावड्याच्या बाजूला चालले. १९०९ साली ते कामावरून उतरले. पुढे अनेक वर्षे ते नुसते शोभेला उभे होते. परंतु कुणी ते भंगारात घातले नाही, म्हणून १९९७ साली त्याची दुरुस्ती करून त्याने पुन्हा दिल्लीहून अलवरपर्यंत उतारूंची गाडी ओढली. १९९८ साली नियमित चालणारे जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. एकशे चाळीस वर्षांची म्हातारी पुन्हा पदर खोचून कामाला लागावी, असेच ते झाले.

हे वाचताना मला एक गोष्ट मनाला लागली. आपल्या देशातली उतारूंची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्याच मुंबईत, बोरीबंदराहून ठाण्यास गेली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि पुढे तीन इंजिने. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. आज त्या तिघांपैकी एकही जपून ठेवलेले नाही. पहिला मान ज्यांचा, त्यांची नावे तेवढी पुस्तकात राहिली. जपणूक ही आपोआप होत नाही. कुणीतरी 'हे राहू द्या' असे म्हणावे लागते.

थोडे पुढे गेल्यावर ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसा 'खेकडा' भेटला. कर्जतच्या घाटात मालगाड्या चढवणारी ही विजेची इंजिने आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पुष्कळ पाहिली आहेत. मधे उंच खोली, दोन्ही बाजूंना लांब सोंडा आणि चाकांना जोडलेले दांडे. ही जात मुळात स्वित्झर्लंड देशातल्या डोंगरी रेल्वेची. तिथे तिला मगर म्हणतात. आपल्या रेल्वेच्या माणसांनी तिला खेकडा केले! दिल्लीतल्या खेकड्याला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव आहे. १९२९ साली पुण्यापर्यंत वीज आली, तेव्हापासून या जातीने बोरघाटात वर्षानुवर्षे ओझी ओढली.

आणि मग भाचा ओरडला, "मावशी, हे बघ, माथेरान!"

मी जवळ गेले. दोन फूट रुंदीचा रूळ. जेवणाचा एक मोठा पाट आडवा बसेल, एवढाच. त्यावर ते इंजिन आणि त्याचा क्रमांक ७३८. मी तिथेच थांबले. तो आकडा मी आमच्या घरात शेकडो वेळा ऐकला होता.

माझे मामंजी नेरळ-माथेरानच्या गाडीवर ब्रेकवाले होते. मी लग्न होऊन नेरळला आले तेव्हा ते निवृत्त झालेले होते. संध्याकाळी ओट्यावर बसून ते नातवंडांना सांगत, "आपली सातशे अडतीस दिल्लीला आहे बरं का." मी आतून म्हणे, "मामंजी, चहा निवतोय." एवढेच माझे ऐकणे. पुढे मामंजी गेले. दिल्लीत त्या आकड्यापुढे उभी राहिले तेव्हा मला तो निवलेला चहा आठवला.

घरी आल्यावर मी या गाडीची हकीकत मिळेल तिथून वाचली आणि सासूबाईंना विचारली. ती थोडक्यात सांगते.

नेरळला मोठी रेल्वे आली १८५६ साली. माथेरान त्याआधीच, १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी साहेबलोकांच्या नजरेस आणले होते. आपल्या ठाकर-कातकऱ्यांना तो डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, ही गोष्ट निराळी. पुढे पन्नास वर्षे हवा खायला येणारी मंडळी नेरळला उतरून घोड्यावर, डोलीत नाही तर पायी वर जात. ही छोटी रेल्वे बांधली ती सरकारने नव्हे. मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने आपल्या पैशांतून ती बांधली, आणि काम उभे केले त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. १९०४ साली काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली. खर्च सोळा लाख रुपये आला. त्या काळचे सोळा लाख!

नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे वीस किलोमीटर वाट. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, एवढा चढ. वळणे तर अशी की खिडकीतून आपल्याच गाडीचे शेपूट दिसते. अशा वळणावर साधे इंजिन चालत नाही. साध्या इंजिनाचे आस एकमेकांना समांतर घट्ट बसवलेले असतात. वळण फार आवळ असले की चाके रुळाला घासतात, अडतात, नाही तर रूळ सोडतात. म्हणून जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याकडून खास युक्तीची चार इंजिने आणली.

ती युक्ती मला आधी कळेना. यांनी कागदावर काढून दाखवली, तेव्हा मी म्हटले, ही तर आमची बांगडी! पुढच्या आणि मागच्या आसाला दोन थर असतात. आतला भरीव आस मनगटासारखा आपल्या जागी राहतो. त्याच्यावर पोकळ नळीसारखा दुसरा आस असतो आणि चाके या नळीला बसवलेली असतात. मधोमध दोन्हींचा सांधा चेंडूसारखा गोल. त्यामुळे आतला आस फिरला की बाहेरची नळी त्याच्याबरोबर फिरते, आणि वळण आले की सैल बांगडीसारखी थोडी इकडे, थोडी तिकडे कलते. मनगट जागचे हलत नाही आणि चाके रूळ सोडत नाहीत. साध्या घट्ट आसाला जे जमेना, ते या सैल बांगडीने केले आणि पाऊणशे वर्षे केले. १९८२ साली वाफेची इंजिने थांबली आणि त्यांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली.

हे सगळे कारखान्याचे कौतुक झाले. ते पाटीवर आणि पुस्तकात मिळते. जे मिळत नाही ते सासूबाईंनी सांगितले. "चढताना इंजिनाची परीक्षा," त्या म्हणाल्या, "उतरताना ब्रेकवाल्याची." डब्याडब्यावर माणूस असे. ड्रायव्हरने शिट्टीची खूण दिली की हाताने ब्रेक आवळायचा, पुन्हा खूण झाली की सोडायचा. उजवे-डावे वळण, ओला रूळ, धुके, सगळे अंगाला ठाऊक असावे लागे. एकाने कमी आवळला तर भार दुसऱ्याच्या डब्यावर. मामंजींच्या तळहातांना शेवटपर्यंत घट्टे होते. माझ्या मुलीच्या गालावरून हात फिरवला की ती लहानपणी रडायची, आणि ते आपला हात पाहत बसायचे.

सासूबाई म्हणाल्या, "जुम्मापट्टीच्या बाजूने शिट्टी ऐकू आली की मी तवा चुलीवर ठेवायची. भाकरी होईस्तोवर हे घरात. एखाद्या दिवशी शिट्टी वेळेवर आली नाही की पीठ तसेच परातीत. शेजारची पण दारात, तिच्या पलीकडची पण दारात. कुणी कुणाशी बोलायचे नाही." कपड्यांना कोळशाची काजळी इतकी की कामाचे कपडे वेगळ्या दगडावर धुवावे लागत. पावसाळ्यात गाडी बंद. मग दरडी काढायच्या, गटारे मोकळी करायची, आणि घरी चिखलाने भरून यायचे. हे सांगताना त्यांनी तक्रारीचा सूर काढला नाही. मलाच ऐकताना कसेसे झाले, की वीस-बावीस वर्षे एका चुलीपाशी राहून मी हे कधी विचारले नव्हते.

त्या चार इंजिनांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. चार बहिणी वेगवेगळ्या घरी पडाव्यात तसे झाले. ७३८ दिल्लीस गेली. ७४० सातासमुद्रापलीकडे इंग्लंडात गेली. घरी राहिलेल्यांतली ७४१ आपल्या नेरळ स्टेशनावर उभी आहे. दिल्लीला तिकीट काढून, मान वर करून जे मी पाहिले, त्याची सख्खी बहीण आपल्या वाटेवर आहे. भाजीची पिशवी घेऊन लोकल पकडायला धावताना मी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिले नव्हते. तुमच्यापैकी किती जणींनी पाहिले असेल, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आपली गाडीही काही सुखाने चालली नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाने रूळ वाहून गेले. ती पुन्हा सुरू झाली २००७ साली, म्हणजे नेमक्या शंभराव्या वर्षी. २०१६ साली डबे घसरले म्हणून बंद झाली, २०१८ साली पूर्ण मार्गावर आली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग मोडला, आणि २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळहून पुन्हा गाडी सुटली. दार्जिलिंग, निलगिरी आणि शिमला या डोंगरी रेल्वेंना जगाचा वारसा म्हणून मान मिळाला आहे. आपली माथेरानची त्या पंक्तीत अजून बसलेली नाही. पण प्रत्येक वेळी मोडून ती पुन्हा उभी राहिली, आणि प्रत्येक वेळी दरडी उपसणारे हात होते, हे आपण नेरळकरांनी तरी विसरू नये.

दिल्लीत काढलेला फोटो मी सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिला आणि विचारले, "यावर कुणाचे नाव लिहिले आहे का?" मी म्हटले, "बनवणाऱ्या कंपनीचे." त्या म्हणाल्या, "आणि चालवणाऱ्यांचे?" मी काही बोलले नाही. मग त्या बोटे मोजत मामंजींच्या बरोबरीच्या माणसांची नावे सांगू लागल्या. कोण फायरमन, कोण ड्रायव्हर, कोण ब्रेकवाला, कुणाचे घर कुठे होते, कुणाची बायको बाळंतपणात गेली. सात नावे झाली आणि त्या थांबल्या. आठवे नाव आठवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हाक मारून ते सांगितले.

ती आठ नावे मी मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवली आहेत. संग्रहालयाने लोखंड जपले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. माणसे जपणे हे त्यांचे काम नव्हे, ते आपलेच. आपल्या मंडळात अशा कितीतरी घरच्या सुना आहेत, ज्यांच्या घरात कुणी गाडीवर होते, कुणी हमाल, कुणी घोडेवाले, कुणी वर भाजी-दूध नेणारे. त्यांच्या आया, सासवा अजून बसून बोलू शकतात. म्हणून माझी एक विनंती आहे. ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवीत आहे. हळदीकुंकवाला किंवा भजनाला याल तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एक नाव, एक आठवण घेऊन या. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावे, मी लिहून घेईन. पहिल्या पानावर मामंजींचे नाव आहे. दुसरे पान कोरे ठेवले आहे.