सिम्नेल : अकरा गोळ्यांचा केक

इंग्लंडमध्ये ईस्टरला सुक्या मेव्याचा एक केक करतात, सिम्नेल. पोटात बदामाच्या मार्झिपानचा थर, माथ्यावर दुसरा आणि त्यावर कडेने अकरा गोळ्या. येशूचे शिष्य बारा. पण दगाबाज यहूदाला या पंगतीत पाट नाही!

नावाची दंतकथा खमंग आहे. सायमन आणि नेल या जोडप्याचं जुंपलं : केक उकडायचा की भाजायचा? अखेर दोन्ही केलं आणि दोघांची नावंही एकत्र मळली गेली. ही अर्थातच लोकव्युत्पत्ती. खरं मूळ लॅटिन ‘सिमिला’त, म्हणजे बारीक दळलेल्या उंची पिठात. जुन्या फ्रेंचमधल्या ‘सिमेनेल’च्या वाटेनं शब्द इंग्रजीत आला, तेव्हा तो त्या पिठाचा पाव होता. मेवा, मार्झिपान ही श्रीमंती नंतरची. ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या चौथ्या रविवारी, ‘मदरिंग संडे’ला, लेकरं हा केक आईसाठी नेत.

‘सिमिला’चं आणखी एक लेकरू आपल्या फडताळात आहे : रव्याच्या पुड्यावर छापलेलं ‘सेमोलिना’. म्हणजे नावापुरता का होईना, प्रसादाचा शिरा सिम्नेलचा मावसभाऊच!