न खाणाऱ्या ॲक्सोलॉटलचा इतिहास

परीक्षेआधीचा शेवटचा तास होता. भाषांतरित कथा या घटकात आम्ही हुलिओ कोर्तासार या अर्जेंटिनी लेखकाची ‘ॲक्सोलॉटल’ ही कथा शिकवून संपवली होती. पॅरिसच्या मत्स्यालयात रोज जाऊन काचेपलीकडच्या त्या विचित्र जलचराकडे पाहत राहणारा आणि अखेरीस स्वतःच काचेआड जाणारा निवेदक, त्याची एकरूपता, दुभंगलेपण वगैरे जे काही अशा वेळी बोलायचे असते ते बोलून झाले होते. मुले पांगली. एक विद्यार्थी मात्र घुटमळत मागे राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, आमच्या घरी तो आहे. अकरा दिवस झाले, काही खात नाही. शेपूट अगदी पातळ झालीय.’’

विद्यार्थी खांबचा. रोहा तालुक्यात, नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. धाकट्या भावाच्या हट्टापायी मुंबईतल्या एका दुकानातून सहा महिन्यांपूर्वी हा प्राणी घरी आला होता. विकणाऱ्याने ‘चालणारा मासा’ एवढीच त्याची ओळख करून दिली होती. वर्षानुवर्षे ती कथा शिकवणाऱ्या आम्हांला तिच्यातील प्राण्याविषयी त्याहून फार अधिक ठाऊक नव्हते, हे येथे कबूल करणे भाग आहे. तो काय खातो, का खायचा थांबतो, या प्रश्नांची उत्तरे शोधताना जो इतिहास हाती लागला तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

आरंभ नावापासून करू. ‘आत्ल’ म्हणजे नाउआत्ल भाषेत पाणी, आणि शोलोत्ल हा अझ्टेकांचा एक देव. सूर्याला गती मिळावी म्हणून सर्व देवांनी आत्मबलिदान करायचे ठरवले तेव्हा हा एकटा पळाला. आधी जोडकणसाचा मका झाला, मग जोड घायपात, आणि शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलॉटल. तेथे मात्र तो पकडला गेला आणि मारला गेला. मृत्यू चुकवण्यासाठी ज्याने हे रूप घेतले त्याच्या नावाचा प्राणी पुढे अझ्टेक सरदारांच्या ताटातले पक्वान्न झाला. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन साधूने स्थानिक लोकांकडून जो प्रचंड ज्ञानकोश सिद्ध करून घेतला, त्यात या चवीची नोंद आहे. खाण्याशी या प्राण्याचा संबंध असा फार जुना आहे. फक्त तेव्हा खाणारा वेगळा होता.

मेक्सिकोच्या खोऱ्यातील सरोवरे हे त्याचे एकमेव घर. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सहाशे मीटर वर. पाणी बारमाही थंड. ही उंची आणि हा गारवा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण खांबच्या घरातील काचेच्या टाकीत जे घडत होते त्याचे मूळ तेथे आहे. स्पॅनिश राजवटीने सतराव्या शतकापासून ती सरोवरे उपसून कोरडी करायला घेतली आणि विसाव्या शतकापर्यंत शोचिमिल्कोचे कालवे तेवढे शिल्लक उरले. (कोलाडच्या कुंडलिकेला बारमाही पाणी असते ते सह्याद्रीपलीकडच्या मुळशी धरणातून, भिऱ्याच्या वीजगृहामार्गे येते. कोठे माणसाने सरोवर संपवले, कोठे नवे निर्माण केले. विस्थापित दोन्हीकडे झाले.)

युरोपात ॲक्सोलॉटल जिवंत पोहोचला तो साम्राज्याच्या मागोमाग. तिसऱ्या नेपोलियनच्या फौजा मेक्सिकोत असताना चौतीस जनावरे पॅरिसला रवाना झाली. त्यांतील सहा, पाच नर आणि एक मादी, १८६४ च्या जानेवारीत जार्दँ दे प्लान्त या उद्यानातील प्राणिशास्त्रज्ञ ओग्युस्त द्युमेरिल यांच्या स्वाधीन झाली. पुढच्या वर्षी मादीने अंडी घातली. पिल्ले मोठी झाली आणि त्यांतील काहींनी द्युमेरिलांना चक्रावून टाकले. त्यांचे पिसाऱ्यासारखे बाहेरचे कल्ले झडले, अंगावर पिवळे ठिपके उमटले, आणि ती पाण्याबाहेर येऊन जमिनीवर राहणारे सॅलॅमॅंडर झाली. आईबाप मात्र जसेच्या तसे. बेडकाच्या पिल्लाने बेडूक न होता पिल्लूपणीच संसार थाटावा, आणि त्याच्या एखाद्या मुलाने मात्र बेडूक व्हावे, तसा हा प्रकार. ॲक्सोलॉटलला प्रौढत्व येते ते बालरूपातच, हे विज्ञानाला तेथे प्रत्यक्ष दिसले. हम्बोल्टने आणलेले मृत नमुने पाहून क्युव्हिएने ही कशाची तरी अपूर्ण अवस्था असावी असा तर्क साठ वर्षांपूर्वीच केला होता.

द्युमेरिलांनी आपल्या जनावरांची संतती युरोपभर वाटली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घराघरांत जे ॲक्सोलॉटल आहेत त्यांतील फार मोठ्या संख्येची वंशावळ त्या पॅरिसच्या कुटुंबापर्यंत जाते. खांबचाही त्याच कुळातला असण्याची शक्यता बरीच. कोर्तासारचा निवेदक ज्या काचेला नाक लावून उभा राहतो ते मत्स्यालयही याच उद्यानातले, हे कथा शिकवताना आम्ही कधीही सांगितले नव्हते. कथा १९५६ च्या ‘फिनाल देल हुएगो’ या संग्रहात आहे. तिच्यातील प्राणी जवळजवळ हलत नाहीत, आणि निवेदक त्या स्थिरतेत कालाला नाकारणारी एक गूढ इच्छा वाचतो. प्राणी पाळणारा माणूस तीच निश्चलता पाहून आधी पाण्याचे तापमान तपासेल. दोन्ही वाचने आपापल्या जागी रास्त आहेत. पण आमचा विद्यार्थी दुसऱ्या वाचनासाठी आला होता आणि आमच्यापाशी पहिलेच होते.

द्युमेरिलांनंतर अर्धशतकाहून अधिक काळ विज्ञानाला या प्राण्याच्या भुकेपेक्षा त्याचे रूपांतर महत्त्वाचे वाटले. १८७० च्या दशकात फ्रायबुर्गला मारी फॉन शोव्हँ यांनी टाकीतील पाणी हळूहळू कमी करत काही ॲक्सोलॉटलना जमिनीवर यायला भाग पाडले. १९१३ मध्ये विलेम लाउफबेर्गर या चेक शास्त्रज्ञाने आणि १९२० मध्ये ज्युलियन हक्सली यांनी त्यांना जनावरांची थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली, आणि अन्नाच्या त्या घासाने तो आयुष्यभर टाळलेला पल्ला काही आठवड्यांत गाठला. हक्सलींच्या प्रयोगाची वर्तमानपत्रांनी फार मोठी बातमी केली. चिरतारुण्याच्या गोष्टी झाल्या. जो घास घेतो तो बदलतो, आणि शोलोत्ल तर बदल टाळण्यासाठी पाण्यात शिरला होता! हा आमचा मराठीच्या मास्तरांचा कल्पनाविलास; शास्त्राने त्याला जबाबदार नाही.

आता खांबकडे. प्राणिशास्त्र विभागातील सहकाऱ्यांना आम्ही विद्यार्थ्याची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी तो काय खातो हे विचारलेच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘पाणी किती डिग्री?’’ विद्यार्थ्याने घरी फोन करून तापमापक बुडवायला सांगितला. एकतीस. ॲक्सोलॉटलला मानवते सोळा ते अठरा. चोविसाच्या वर ते सतत राहिले की त्याला ताण येतो, पचन बिघडते, बुरशी आणि जंतू बळावतात, आणि कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. भूक जाणे ही यातली पहिली खूण. कल्ले पुढे वळणे, शेपटीचे टोक आकडीसारखे मुडपणे या तिच्या सोबतिणी. पोट डोक्याइतके रुंद दिसत नसेल तर तो वाळतो आहे असे समजावे. निरोगी प्रौढ दोनतीन दिवसांआड खातो आणि थंड पाण्यात आठवडा-दोन आठवडे उपाशीही तग धरतो. एकतीस अंशांत मात्र शरीराचा खर्च वाढलेला आणि मिळकत शून्य.

दुसरा प्रश्न होता पाण्याचाच. घरच्यांनी तो खात नाही म्हणून मायेपोटी टाकी दर दोन दिवसांनी पुरी रिकामी करून घासली होती आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला होता. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडरचे पाणी. क्लोरीनने कल्ल्यांना इजा होते हे एक. दुसरे म्हणजे त्या स्पंजात राहणारे जिवाणूच विष्ठेतील अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करतात. तेच धुतले गेले. न खाल्लेले तुकडे तळाशी कुजत होते ते वेगळेच. स्वच्छ दिसणारे पाणी विषारी झाले होते.

तिसरा प्रश्न अन्नाचा. गांडूळ हा त्याचा उत्तम आहार असे कोठेसे वाचून विद्यार्थ्याने शेजारच्या गांडूळखताच्या खड्ड्यातील तांबडी गांडुळे आणली होती. ती तोंडात घेऊन त्याने थुंकली. खताच्या या जातीची गांडुळे डिवचली की कडवट द्रव सोडतात आणि पुष्कळ ॲक्सोलॉटल ती नाकारतात, हे सहकाऱ्यांकडून कळले. तळाशी बारीक खडी होती, तीही काढायला सांगितली. तोंड उघडून भक्ष्य आत ओढताना तो खडेही गिळतो आणि आतडे तुंबते. उपासाचे हेही एक कारण असू शकते.

हे सारे ऐकताना आम्हांला आठवला तो पालकाप्य. ‘हस्त्यायुर्वेद’ हा त्याच्या नावावरचा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. अंगदेशाचा राजा रोमपाद पिकांची नासाडी करणारे रानहत्ती पकडून आणवतो. त्या कळपात वाढलेला मुनी पालकाप्य त्यांना शोधत येतो, आणि बांधलेले, रोगी हत्ती पाहून निमूटपणे त्यांची शुश्रूषा करू लागतो. त्याच परंपरेतील ‘मातंगलीला’ या नीलकंठाच्या ग्रंथात नव्याने पकडलेला हत्ती रानातील सुखे आठवून झुरतो, वाळतो आणि मरतो असे वर्णन आहे. त्याला केवळ काव्य म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. न खाणाऱ्या जनावराचे निदान त्याच्या तोंडापाशी सुरू होत नाही, ते ज्या जागेतून आणले गेले तेथे सुरू होते, हे त्या वैद्यकाने ओळखले होते. सहकाऱ्यांचा ‘किती डिग्री’ हा प्रश्न त्याच जातीचा.

उपाय सांगायला सोपे होते, करायला नव्हते. जनावर साध्या प्लास्टिकच्या टबात, एक दिवस उघडे ठेवून क्लोरीन घालवलेल्या पाण्यात हलवले. ते पाणी रोज पूर्ण बदलायचे. तापमान एकदम न उतरवता दिवसाला दोनतीन अंशांनी खाली आणायचे, बर्फ थेट टाकायचा नाही, घास बळेच कोंबायचा नाही. विद्यार्थ्याने पृष्ठभागावर पंख्याचा झोत लावून पाहिला. देशावर त्याने पाणी चारपाच अंश उतरले असते. कोकणात एप्रिलची हवा अशी ओली की बाष्पीभवनच होत नाही. देशावरचा माठ येथे तसा गार होत नाही हे आपल्या आयाबायांना कायमचे ठाऊक आहे. मग शीतकपाटात पाण्याच्या बाटल्यांचा राबता सुरू झाला. चौथ्या दिवशी पाणी एकोणीसवर आले. सातव्या दिवशी परसातल्या केळीच्या बुंध्याजवळील ओल्या मातीतून काढलेल्या गांडुळाचा तुकडा चिमट्याने नाकापुढे धरला, तो त्याने आत ओढला आणि ठेवला. स्वयंपाकघरातील काट्यावर त्या दिवशी वजन सत्त्याण्णव ग्रॅम भरले.

त्याच्या मूळ घरी काय चालले आहे? शोचिमिल्कोत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार ॲक्सोलॉटल होते. २०१४ च्या गणनेत ते छत्तीसवर आले. खाण्यासाठी सोडलेल्या कार्प आणि तिलापिया माशांनी त्यांची अंडी फस्त केली, सांडपाण्याने उरलेले केले. इकडे जगभरच्या टाक्यांत ते अफाट संख्येने आहेत, आणि २०२१ पासून मेक्सिकोच्या पन्नास पेसोंच्या नोटेवरही. त्याच देशात पात्स्क्वारो गावच्या डॉमिनिकन मठातील जोगिणी सरोवरातील ‘आचोके’ नावाचा त्याचा भाईबंद अनेक दशके सांभाळत आल्या आहेत. खोकल्याच्या औषधासाठी त्यांनी तो पाळला, आणि आज त्या जातीचा मोठा आधार त्यांच्या टाक्यांतच आहे. त्या जातीच्या शास्त्रीय नावात द्युमेरिल आहे.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेक्सिको शहरातील दोन पाणथळ जागी बंदिवासात जन्मलेले अठरा ॲक्सोलॉटल रेडिओचिप बसवून सोडल्याची हकिकत आहे. निरीक्षणाच्या काळात सारे जगले. पुन्हा पकडून पाहिले त्यांचे वजन वाढले होते. कोणी न भरवता त्यांनी शिकार केली होती. दोघांना पुढे बगळ्यांनी खाल्ले.

खांबचा तेथे जाणार नाही. आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टात या जातीचे नाव आहे आणि अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करणे २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केले आहे, हे विद्यार्थ्याच्या घरी आमच्याकडूनच कळले. विकणाऱ्याने एक कागदही दिला नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक जुना छोटा चिलर मिळवला. टाकी आता माजघरात आहे, वजन एकशे नऊ ग्रॅम. विद्यार्थ्याची आजी मात्र नाराज आहे. तिचे म्हणणे, घरात माणसांना पंखा आणि त्याला फ्रीज, हे कोणते शास्त्र?