सशाच्या साक्षीने : ॲलर्जीच्या रक्ततपासणीची गोष्ट

आपल्याकडे घरात पिंजरा आणायचे तो उंदराला पकडायला. इथे अमेरिकेत तो आणतात उंदराला राहायला! भारतातून आलेल्या कितीतरी आज्यांनी हे पाहून कपाळाला हात लावल्याचे मी पाहिले आहे. अपार्टमेंटमध्ये कुत्र्याला परवानगी नसते, मांजर घरातल्या कुणाला तरी आवडत नसते. मग मुलांच्या हट्टापुढे तडजोड म्हणून हॅमस्टर, गिनीपिग किंवा ससा घरात येतो. काही आठवड्यांनी शिंका सुरू होतात, डोळे चोळले जातात. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि आठवडाभरात एक कागद हाती पडतो. प्राणी घरात राहणार की जाणार, याचा निकाल बरेचदा त्या कागदावरच्या एका आकड्यावर लागतो.

मी १९७९ पासून निवृत्त होईपर्यंत एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत याच तपासण्या करत होते. मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाचे ताट हातात असतानाही लोक मला या आकड्यांचा अर्थ विचारतात. तो उभ्याउभ्या दोन वाक्यांत सांगता येत नाही. हा आकडा आला कुठून, हे समजले की त्यावर किती विसंबायचे हे आपोआप कळते. म्हणून हा लेखप्रपंच.

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. पण तपासणीची सुरुवात त्याआधीच झाली होती. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांना स्वतःलाच दर उन्हाळ्यात शिंकांचा त्रास होई. त्यांनी आपल्याच कातडीवर ओरखडे काढून त्यांत गवताचे परागकण चोळले आणि उठलेली गांध पाहिली. त्यांचे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे ॲलर्जीची साक्ष देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माणसाची कातडी.

ही साक्ष रक्तातही असते, हे १९२१ साली दिसले. तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरात (आज ते पोलंडमधले व्रोत्स्वाफ) कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्त्स क्यूस्टनर हे दोन डॉक्टर काम करत होते. क्यूस्टनरना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातले थोडे सीरम प्राउस्निट्झनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि काही मिनिटांत तिथे गांध उठली. प्राउस्निट्झना स्वतःला माशांचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे क्यूस्टनरच्या सीरममधून काहीतरी त्यांच्या कातडीत उतरले होते. त्या ‘काहीतरी’ला ‘रिएजिन’ म्हणू लागले. ते नेमके काय आहे, हे कळायला मात्र पुढे पंचेचाळीस वर्षे लागली.

या काळात हा प्रयोग तपासणी म्हणूनही वापरला जाई. ज्या मुलाच्या अंगभर इसब आहे त्याच्या कातडीवर चाचणी कशी करणार? मग त्याचे सीरम दुसऱ्या निरोगी माणसाला, बरेचदा घरातल्याच कुणाला तरी, टोचायचे आणि परीक्षा त्याच्या कातडीवर घ्यायची. सीरमबरोबर काविळीचा विषाणूही जाऊ शकतो हे लक्षात आल्यावर ही पद्धत मागे पडली. कातडीऐवजी नळीत होईल अशी तपासणी हवी होती, पण ज्याची ओळखच पटलेली नाही ते मोजणार कसे?

ती ओळख पटवली आपल्यासारख्याच परदेशी आलेल्या एका जोडप्याने. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी शास्त्रज्ञ पतिपत्नी १९६२ साली डेन्व्हरच्या बालदमा संशोधन संस्थेत आले. रॅगवीड नावाच्या रानटी झुडपाच्या परागकणांचा त्रास असलेल्या रुग्णांचे सीरम त्यांनी घेतले, त्यातला रिएजिनचा भाग वेगळा केला आणि तो सशांना टोचला. सशांच्या शरीराने या परक्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड तयार केले. सशांचे हे प्रतिपिंड सीरममध्ये घातले की रिएजिनचा गुण नाहीसा होई. खात्री करून घ्यायला शेवटी पुन्हा माणसाची कातडीच लागे आणि त्यासाठी किमिशिगेंनी स्वतःची पाठ पुढे केली. १९६६ साली त्यांनी जाहीर केले की हा प्रतिपिंडांचा एक नवाच प्रकार आहे.

त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्साला येथे योहानसन आणि बेनिक या दोघांना एका कर्करोग्याच्या रक्तात एक विचित्र प्रथिन भरपूर प्रमाणात सापडले. ते कुठल्याच ज्ञात वर्गात बसेना. डेन्व्हर आणि उप्सालाचे नमुने ताडून पाहिले तेव्हा दोन्हीकडचा पदार्थ एकच निघाला. फेब्रुवारी १९६८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या बैठकीत त्याचे नाव ठरले : इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजेच आयजीई. निरोगी माणसाच्या रक्तात हे प्रतिपिंड नेहमीच्या आयजीजीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. इतकी वर्षे ते हाती लागले नव्हते यात नवल नाही.

पुढचे पाऊल उप्सालातच पडले. १९६७ साली लाइफ विडे यांनी बेनिक व योहानसन यांच्यासह नळीतली तपासणी मांडली. तिचे नाव ‘रास्ट’. १९७४ मध्ये ती फार्माशिया कंपनीने बाजारात आणली. मी कामाला लागले तेव्हा आम्ही तीच करत होतो. कागदाची एक लहानशी चकती असे. तिच्यावर गिनीपिगच्या किंवा सशाच्या अंगावरचा अर्क पक्का बसवलेला. ती रुग्णाच्या सीरममध्ये बुडवायची. गिनीपिगविरुद्धचे आयजीई असले तर ते चकतीला चिकटते. मग चकती धुवायची आणि आयजीईला चिकटणारे, प्राण्यांपासूनच मिळवलेले, किरणोत्सर्गी आयोडीन लावलेले प्रतिपिंड तिच्यावर घालायचे. रात्रभर ठेवून पुन्हा धुवायचे आणि यंत्रात किरण मोजायचे. किरण जितके जास्त, तितके आयजीई जास्त. १९८९ नंतर आलेल्या नव्या पद्धतीत किरणोत्सर्गाऐवजी चकाकणारे रसायन मोजू लागले. रास्ट मागे पडली, पण कित्येक डॉक्टरांच्या तोंडी अजून तेच नाव आहे.

आता त्या आकड्याकडे वळू. ०.३५ ही जुनी रूढ सीमा. एवढ्याचा अर्थ, एका मिलिलिटर सीरममध्ये त्या प्राण्याविरुद्धचे आयजीई एका ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. आजची यंत्रे ०.१ पर्यंत मोजतात. एवढी सूक्ष्म गोष्ट मोजता येणे हा मोठाच पराक्रम आहे. पण मोजले जाते ते एवढेच : शरीराने त्या प्राण्याच्या प्रथिनाविरुद्ध आयजीई तयार केले आहे की नाही. त्या प्रथिनाने शिंका येतात की नाहीत, हे नळी सांगत नाही. आकडा वर असूनही ससा मांडीवर घेऊन खुशाल बसणारी माणसे असतात.

दुसरी गोष्ट, चकतीवर जे असते त्याचेच उत्तर मिळते. हॅमस्टरचेच पाहा. पाळीव सोनेरी हॅमस्टर हे बहुतेक सारे १९३० साली सीरियातील अलेप्पोजवळ प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहरोनी यांनी मिळवलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज. दुकानात मिळणारा चिमुकला सायबेरियन हॅमस्टर हा मात्र निराळ्याच जातीचा आणि त्याची प्रथिनेही निराळी. सायबेरियन हॅमस्टरमुळे दमा उठणाऱ्या काही रुग्णांची नेहमीच्या हॅमस्टर-अर्काची तपासणी नकारात्मक येते, हे २०१० नंतरच्या संशोधनात दिसले आहे. कागद म्हणतो ‘नाही’, पोराला मात्र धाप लागते.

तिसरी गोष्ट गवताची. ससा आणि गिनीपिग यांना इथे टिमोथी नावाचे वाळके गवत घालतात. त्याच गवताचे परागकण शिंकांचे एक मोठे कारण आहेत. तेव्हा दोषी प्राणी की त्याचा चारा, हे पाहायला दोन्हींची तपासणी हवी. केसांवरही उगाच आळ येतो. खरी प्रथिने असतात लाळेत, मूत्रात आणि कातडीच्या कोंड्यात. म्हणून प्राण्याला कुरवाळण्यापेक्षा पिंजरा साफ करताना त्रास जास्त होतो.

हे सगळे फक्त मुलांच्या हट्टापुरते नाही. आपल्यातले कितीतरी जण विद्यापीठांत आणि औषध कंपन्यांत पांढऱ्या उंदरांवर काम करतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमुळे होणारा दमा ब्रिटनने १९८२ मध्ये व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घातला. माझ्या ओळखीच्या एका तरुण संशोधकाने दोन वर्षे शिंका लपवल्या. उंदरांचे काम सुटले तर नोकरी जाईल आणि तिच्यामागून व्हिसाही, ही धास्ती. रात्री छातीत घरघर होऊ लागली तेव्हा त्याने रक्त तपासून घेतले. उंदराचा आकडा पुष्कळ वर होता. त्याच्या बाबतीत तो कागद कामी आला, कारण लक्षणे आणि आकडा एकच गोष्ट सांगत होते. त्याला पेशींवरचे काम मिळाले आणि नोकरी टिकली. सांगायला उशीर केला असता तर जो दमा जडतो, तो उंदरांपासून दूर गेल्यावरही सुटेलच असे नसते.

तेव्हा मंडळी, डॉक्टरांकडे जाताना प्राण्याची नेमकी जात सांगा, तो काय खातो आणि पिंजऱ्यात काय अंथरता तेही सांगा. त्रास कधी होतो, सुट्टीवर बाहेरगावी गेल्यावर थांबतो का, याची पंधरा दिवस नोंद ठेवा. धाप लागत असेल तर मात्र पंधरा दिवस थांबू नका. प्रयोगशाळेत माझ्यासमोर फक्त नळी यायची, तिच्यावर चिकटवलेला क्रमांक आणि तपासायच्या प्राण्याचे नाव. ते मूल रात्री कधी खोकते, हे त्या नळीवर कुणी लिहीत नाही. ते घरातल्यांनीच सांगायचे असते.