कारच्या एसीत गॅस भरायला किती खर्च येतो, आणि तो दरवर्षी का येऊ नये?

नाशिकमध्ये ऊन तापायला लागलं की गॅरेजबाहेर ‘कार एसी गॅस फिलिंग’चे बोर्ड दिसायला लागतात. एसी नीट थंड करत नाही म्हटलं की पहिला सल्लाही तोच मिळतो: ‘गॅस भरून घ्या.’ खर्चाचे आकडे पुढे देतोच. त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही.

मग गॅस जातो कुठे?

एसी म्हणजे सगळीकडून बंद असलेलं पाइपांचं वर्तुळ. कॉम्प्रेसर गॅसवर दाब देतो. गाडीच्या पुढच्या जाळीमागे असलेला कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो आणि गॅसचा द्रव होतो. डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये हा द्रव पुन्हा वायू होताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो.

रबरी पाइप आणि सीलमधून थोडा गॅस वर्षानुवर्षं झिरपतो. त्यामुळे पाच-सहा वर्षं जुन्या गाडीत एकदा गॅस भरावा लागला, तर त्यात नवल नाही. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कुठेतरी लीक आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हे मेमरी लीक झालं. अॅप बंद करून पुन्हा उघडलं की थोडा वेळ नीट चालतं, बग मात्र तसाच राहतो.

बिलात काय काय येतं?

नाशिकच्या गॅरेजांची जी बिलं मी पाहिली आहेत, त्यावरून साधारण अंदाज असा:

- आर-१३४ए गॅस, व्हॅक्यूमसह: १,५०० ते २,५०० रुपये.
- ओ-रिंग किंवा व्हॉल्व्हची पिन बदलणं: काहीशे रुपये.
- कंडेन्सर: काही हजार. तो सगळ्यात पुढे असल्यामुळे मुंबई-आग्रा हायवेवर उडणारे खडे थेट त्याला लागू शकतात.
- कूलिंग कॉइल: बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो, म्हणून पार्टपेक्षा मजुरी जड जाते.
- पक्क्या बिलात मजुरीवर १८ टक्के जीएसटी.

काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस असतो. तो कितीतरी पटींनी महाग आहे. तुमच्या गाडीत कोणता गॅस आणि किती ग्रॅम लागतो, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण ३०० ते ५०० ग्रॅम लागतो.

गॅस वजनानेच का भरायचा?

घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आहे की नाही, हे आपण वजन करून बघतो. दाब बघून ते कळत नाही, कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तापमानावर ठरतो. कारच्या एसीचंही तसंच. मे महिन्यातली नाशिकची दुपार आणि जानेवारीतली निफाडची पहाट यांत, तीच गाडी आणि तेवढाच गॅस असूनही मीटरचा काटा वेगवेगळा आकडा दाखवेल. म्हणून नुसत्या मीटरवर अंदाजाने ‘टॉप-अप’ करणं बरोबर नाही. आधी जुना गॅस मशीनने काढून घ्यायचा, मग किमान २० ते ३० मिनिटं व्हॅक्यूम करून आतली हवा आणि ओलावा काढायचा, आणि शेवटी स्टिकरवर असेल तेवढे ग्रॅम भरायचे.

लीक तसंच ठेवलं तर?

कॉम्प्रेसरला लागणारं ऑइल याच गॅसबरोबर फिरतं. गॅस कमी झाला की ऑइलही नीट पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर झिजतो. त्याचा खर्च दहा हजारांच्या पुढे सहज जातो.

दुसरं नुकसान सगळ्यांचं आहे. आर-१३४ए हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता अडवतो. म्हणजे ४०० ग्रॅम गॅस सोडणं हे जवळपास २५० लिटर पेट्रोल जाळण्यासारखं आहे. असे गॅस कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली करार झाला, आणि भारताने त्याला २०२१ मध्ये मंजुरी दिली. आपल्याकडची कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होणार आहे.

गॅरेजमध्ये जाताना

१. आधी स्वस्त कारणं तपासा. केबिन फिल्टर तुंबलाय का? कंडेन्सरवर धूळ साचली आहे का? पुढचा फॅन फिरतोय का? या तिन्हींमुळेही कूलिंग कमी होतं.

२. ‘गॅस भरा’ असं म्हणू नका. ‘लीक कुठे आहे ते आधी दाखवा’ असं म्हणा. साबणाचं पाणी, नायट्रोजन, यूव्ही डाय किंवा डिटेक्टर, यांपैकी काय वापरणार तेही विचारा.

३. गॅसचा प्रकार आणि ग्रॅम बिलावर लिहून घ्या आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात कूलिंग पुन्हा कमी झालं, तर हाच फोटो कामाला येईल.

४. ऑनलाइन कॅन मागवून घरी प्रयोग करू नका. द्रवरूप गॅस उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे तो अंगावर उडाला तर त्वचेला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते.

लीक काढायला एकदा हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. दर मार्चला गॅस भरत बसण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.