पावती फाडून सुटका नाही

परवा नाकाबंदीत एका मित्रानं फुंकर मारली आणि अडकला. "पावती फाडा साहेब, संपवून टाकू," तो म्हणाला. हवालदार शांतपणे म्हणाले, "कोर्टात जावं लागेल."

ही वारी जुनी आहे बरं का! १० सप्टेंबर १८९७ ला लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीवाल्यानं दारूच्या नशेत गाडी एका इमारतीवर घातली. कोर्टात गुन्हा कबूल केला, २५ शिलिंग दंड झाला. फुंकर मारायचं यंत्र तेव्हा कुठलं असायला!

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. अटक झाली तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनं २,००० वरून १०,००० रुपयांवर गेला; सहा महिन्यांपर्यंतची कैद आधीपासून होतीच.

मात्र जागेवर तडजोड नाही. मित्र कोर्टात तासन्‌तास ताटकळला, नाव पुकारल्यावर मान खाली घालून "कबूल आहे" म्हणाला. पैसे तो विसरेल. ते दोन शब्द विसरणार नाही, असं मला वाटतं.